नवा द्राक्षारस, जुना द्राक्षारस

'जुने ते सोने' ही म्हण आपण ज्या सहजतेने उच्चारतो, त्याच सहजतेने ती फ्रान्सच्या द्राक्षारसालाही लावून मोकळे होतो. तो जितका जुना तितका उत्तम, असे तो कधीही न चाखलेली माणसेदेखील ठामपणे सांगतात. परदेशी नोकरीला असलेल्या भाच्याने भेट दिलेली बाटली एखाद्या घरी कपाटावर विराजमान होते आणि 'लेकीच्या लग्नात उघडू' म्हणून पंधरा वर्षे तिच्यावरची धूळ तेवढी पुसली जाते. या समजुतीला शुभवर्तमानाचाही आधार आहे, असे काहींना वाटते. कारण जुना द्राक्षारस प्यालेल्याला नवा रुचत नाही, हे निरीक्षण संत लूकच्या लेखनात आलेले आहे. परंतु आपल्याला काना गावचे लग्नही ठाऊक आहे. तेथे भोजनप्रमुखाने ज्या द्राक्षारसाला सर्वांत उत्तम ठरवले, तो काही क्षणांपूर्वी रांजणातले पाणी होता!

मग चांगला कोणता, नवा की जुना? फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांचा इतिहास चाळू लागलो की या प्रश्नाचे उत्तर शतकागणिक बदलत गेलेले दिसते. ते का बदलले, हे समजून घेणे उद्बोधक आहे.

कुंभ गेले, पिंपे आली

ख्रिस्तपूर्व ६०० च्या सुमारास ग्रीक दर्यावर्दींनी आजच्या मार्सेय बंदराच्या जागी वसाहत केली आणि त्यांच्याबरोबर द्राक्षवेलीची संस्कृती त्या किनाऱ्यावर उतरली. पुढे रोमन सत्तेच्या काळात ती ऱ्होन नदीच्या खोऱ्याने उत्तरेकडे सरकली. रोमन लोक द्राक्षारस मातीच्या उंच, निमुळत्या कुंभांत भरत आणि तोंड डांबरासारख्या राळेने बंद करीत. अशा कुंभात हवा फारशी शिरत नसे. त्यामुळे निवडक द्राक्षारस वर्षानुवर्षे टिके. ख्रिस्तपूर्व १२१ या सालचा द्राक्षारस रोममध्ये इतका नावाजलेला होता की पहिल्या शतकातील लेखक थोरला प्लिनी याच्या काळापर्यंत त्यातील काही शिल्लक होता. मात्र तो मधासारखा घट्ट व कडवट झाला होता आणि नुसता पिण्याजोगा उरला नव्हता, असेही प्लिनी नोंदवतो. जुन्याची महती आणि जुन्याची मर्यादा, दोन्ही त्या एका नोंदीत आहेत.

फ्रान्सचे मूळ रहिवासी गॉल लोक मात्र लाकूडकामात तरबेज होते. त्यांची लाकडी पिंपे हलकी, गडगडत नेता येण्याजोगी आणि न फुटणारी होती. व्यापाराच्या दृष्टीने कुंभ त्यांच्यापुढे टिकाव धरू शकले नाहीत आणि काही शतकांत पश्चिम युरोपातून नाहीसे झाले. पण लाकूड श्वास घेते. पिंपातला द्राक्षारस हळूहळू आटतो, रिकाम्या जागेत हवा साचते आणि रस आंबट होऊ लागतो. कुंभांबरोबर जुना द्राक्षारसही गेला. त्यानंतर हजारापेक्षा अधिक वर्षे फ्रान्सने जुन्या द्राक्षारसाचे कौतुक म्हणून केले नाही.

आज नवल वाटेल, पण मध्ययुगात किंमत होती ती नव्याला. ११५२ साली आकितेनची डचेस एलेनोर हिने हेन्री प्लँटाजेनेट याच्याशी विवाह केला. दोनच वर्षांनी हेन्री इंग्लंडच्या गादीवर बसला आणि बोर्दो प्रांत तीनशे वर्षे, म्हणजे १४५३ पर्यंत, इंग्लंडच्या राजमुकुटाखाली राहिला. दर शरद ऋतूत द्राक्षारसाने लादलेली जहाजे बोर्दोहून इंग्लंडकडे निघत. ती बंदराला लागताच तेथील व्यापारी गेल्या वर्षीचा उरलासुरला माल पडत्या भावाने विकून टाकीत. वर्षाचा द्राक्षारस म्हणजे शिळा द्राक्षारस. नव्या मालासाठी मात्र झुंबड उडे.

मठाची भिंत

या काळात मठवासीयांनी काय केले? संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात घालून दिलेल्या नियमावलीत प्रत्येक मठवासीयाला दिवसाकाठी एक हेमिना, म्हणजे साधारण पाव लिटर, द्राक्षारसाची परवानगी आहे. ती देताना संतांचा हात जरा आखडलेलाच दिसतो. मिस्साबलीसाठी, पाहुण्यांसाठी आणि आजाऱ्यांसाठीही द्राक्षारस लागे. त्यामुळे मठ तेथे द्राक्षमळा, असे समीकरणच होऊन बसले.

९१० साली स्थापन झालेला क्लूनीचा मठ आणि १०९८ साली संत रॉबर्ट यांनी स्थापलेला सितोचा मठ, हे दोन्ही बर्गंडी प्रांतातले. सितोच्या मठवासीयांना बाराव्या शतकाच्या आरंभापासून वूजो गावाजवळ जमिनी दान मिळत गेल्या. तुकड्याला तुकडा जोडत त्यांनी सुमारे सव्वाशे एकरांचा एकसंध मळा उभा केला आणि १३३६ पर्यंत त्याभोवती दगडी भिंत पुरी केली. 'क्लो द वूजो', अर्थात वूजोचे कुंपण, या नावाने तो मळा आजही प्रसिद्ध आहे. मठवासी माती जिभेवर ठेवून जमीन पारखीत, अशी आख्यायिका तेथे सांगतात. आख्यायिका सोडून दिली तरी एवढे खरे की, उतारावरच्या कुठल्या पट्ट्यात द्राक्षे आधी पिकतात, कुठे दव साचते, कुठला रस अधिक कसदार उतरतो, याची पारख तेथे पिढ्यान्‌पिढ्या होत राहिली. शेतकऱ्याच्या घरात वाटण्या होतात आणि जमिनीची आठवण विखुरते. मठात एक बंधू निवर्तला की दुसरा तेच फावडे हाती घेई, आणि मळ्याची माहिती त्याच्याकडे जशीच्या तशी येई.

१३९५ साली बर्गंडीचा ड्यूक, धाडसी फिलिप, याने गामे जातीच्या वेली उपटून टाकण्याचा हुकूम काढला. गामे भरघोस पीक देते. तिच्या तुलनेत पिनो न्वार ही जात नाजूक आणि कमी फळणारी. ड्यूकने कमी पिकाची बाजू घेतली. पुढे जो द्राक्षारस दशके टिकणार होता, तो या पिनोचाच.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मठवासीयांनी जुना द्राक्षारस साठवून ठेवला नाही. तसे करणे त्यांना शक्यच नव्हते. त्यांनी मळा सांभाळला. फ्रेंच राज्यक्रांतीत, १७८९ च्या नोव्हेंबरात, चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या ताब्यात गेली आणि १७९१ साली क्लो द वूजो विकला गेला. ज्या मळ्याला सहाशे वर्षे एकच मालक होता, त्याचे आज सुमारे ऐंशी मालक आहेत. मठवासी गेले, भिंत राहिली आणि भिंतीच्या आतली पारखही राहिली.

बाटली आणि बूच

जुन्या द्राक्षारसाचे पुनरागमन झाले ते मात्र फ्रान्सच्या मळ्यातून नव्हे, इंग्लंडच्या काचभट्टीतून. १६१५ साली राजा पहिला जेम्स याने जहाजबांधणीचे लाकूड वाचावे म्हणून काचभट्ट्यांत लाकूड जाळण्यास मनाई केली. कारागीर कोळशाकडे वळले. कोळशाची आच प्रखर. त्यामुळे काच अधिक जाड, गडद आणि मजबूत निघू लागली. १६३० च्या दशकात अशा बाटल्या घडवण्याचे श्रेय सर केनेल्म डिग्बी यांना दिले जाते. हे गृहस्थ कॅथोलिक होते. त्यांच्या वडिलांना दारूगोळ्याच्या कटात सामील झाल्याबद्दल १६०६ साली देहान्त शासन झाले होते. या मजबूत बाटलीला स्पेन-पोर्तुगालच्या ओक वृक्षाच्या सालीचे बूच मिळाले, आणि रोमन कुंभाचे काम काच करू लागली.

त्याच सुमारास बोर्दोचे पाँताक घराणे आपल्या ओ-ब्रियों या मळ्याचा द्राक्षारस मळ्याच्याच नावाने विकू लागले. पिंपे सतत काठोकाठ भरलेली ठेवणे, तळाच्या गाळावरून रस वेळोवेळी वेगळा काढणे आणि गंधकाचा धूर देऊन पिंपे निर्मळ करणे, या रीतींमुळे रस टिकू लागला. लंडनचा रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स याने १० एप्रिल १६६३ रोजी तो एका खानावळीत चाखला आणि त्याच्या वेगळेपणाची नोंद रोजनिशीत केली. मळ्याचे नाव लक्षात ठेवून पिण्याची सवय येथून रुजू लागली.

अठराव्या शतकात गोलगरगरीत बाटल्यांची जागा सरळ, उभट बाटल्यांनी घेतली. त्या आडव्या रचता येतात. आडव्या बाटलीत रस बुचाला भिजते ठेवतो, भिजलेले बूच फुगून घट्ट बसते आणि हवा बाहेरच राहते. साधी वाटणारी ही सोय नसती, तर आजचा जुना द्राक्षारस झालाच नसता.

या बाटलीत नेमके घडते काय, याचा शोध लुई पाश्चर यांनी घेतला. १८६३ साली सम्राट तिसरा नेपोलियन याने द्राक्षारस का बिघडतो, हे पाहण्याचे काम त्यांच्यावर सोपवले आणि १८६६ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पाश्चर यांनी काचेच्या काही नळ्या द्राक्षारसाने काठोकाठ भरून बंद केल्या, तर काहींत हवेला जागा ठेवली. भरलेल्या नळ्यांतला रस जवळजवळ जसाच्या तसा राहिला. हवा असलेल्या नळ्यांतला पालटला. पुष्कळ हवा द्राक्षारसाचा नाश करते, अगदी थोडी आणि सावकाश मिळालेली हवा त्याला पिकवते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

पेल्यातले अंतर

हे वाचणे निराळे आणि चाखणे निराळे. काही वर्षांपूर्वी बर्गंडीतील बोन या गावी आम्हा आठ जणांना एका तळघरात चाखणीचा योग आला. तेथील रीत अशी की एकाच मळ्यातल्या वेगवेगळ्या सालांच्या बाटल्या ओळीने मांडायच्या, आणि नव्याकडून जुन्याकडे जायचे. कारण आधी जुना घेतला तर नव्याचा जोर त्याची चव पुसून टाकतो. घोट तोंडात घोळवून बादलीत थुंकण्याचीही रीत आहे. आम्हांला ती प्रथम चमत्कारिक वाटली. चौथ्या पेल्यापाशी तिचे शहाणपण कळले.

पहिला पेला दोन वर्षांचा होता. रंग पिकल्या जांभळाचा, आणि जीभही जांभूळ खाल्ल्यासारखी आवळली गेली. हा तुरटपणा द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून उतरतो. वास ताज्या फळांचा. दुसरा पेला बारा वर्षांचा. तुरटपणा निवला होता. त्यातील द्रव्ये परस्परांना बिलगून जड होतात आणि गाळ होऊन बाटलीच्या तळाशी बसतात. म्हणूनच जुनी बाटली न हलवता, मानेखाली मेणबत्ती धरून, सावकाश ओततात. तिसरा पेला तीसहून अधिक वर्षांचा. त्याचा रंग आपल्या मंगलोरी कौलासारखा झाला होता. फळांचा वास मागे पडून ओल्या पालापाचोळ्याचा, अळंब्यांचा आणि जुन्या चामड्याचा गंध आला होता.

आमच्यात मतभेद झाले. दोघांना तिसरा पेला अलौकिक वाटला. एका वयस्क भगिनींनी 'यात आता जीव नाही' असे स्पष्ट सांगितले. वीस मिनिटांनी त्याच पेल्याचा वास पुन्हा घेतला, तेव्हा बहुतेक सुगंध उडून गेला होता. तीस वर्षे जपलेले वीस मिनिटांत संपले. आम्हांला सर्वांत शिकवून गेला तो पहिला पेला. तळघराच्या वृद्ध राखणदाराने तो तोंडात घोळवला, क्षणभर डोळे मिटले आणि हा रस वीस वर्षे जाईल, असे सांगितले. आम्हांला नुसता तुरटपणा लागला. त्याला त्या तुरटपणात वीस वर्षांची शिदोरी दिसली. आंबटपणा आणि तुरटपणा हेच रसाला उभे ठेवणारे आधार आहेत. जो द्राक्षारस कोवळेपणीच मऊ आणि गोडगोड लागतो, तो बहुधा लवकर संपतो.

पॅरिसची परीक्षा

जुनेपणाच्या अभिमानाची जाहीर परीक्षा झाली ती २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये. स्टीव्हन स्परियर या इंग्रज व्यापाऱ्याने नऊ नामवंत फ्रेंच परीक्षकांपुढे फ्रान्सचे आणि कॅलिफोर्नियाचे द्राक्षारस नावे झाकून ठेवले. फ्रान्सच्या बाजूने मूताँ-रोथशिल्ड आणि ओ-ब्रियों यांसारखी घराणी होती. अमेरिकन मळ्यांचे नाव तोपर्यंत युरोपात फारसे कुणी घेत नसे. निकाल लागला तेव्हा पांढऱ्यात कॅलिफोर्नियाचा १९७३ सालचा शातो मॉन्टेलिना पहिला आला आणि तांबड्यातही कॅलिफोर्नियाचाच १९७३ सालचा स्टॅग्ज लीप. एका परीक्षकाने तर कॅलिफोर्नियाचा घोट घेऊन आपण पुन्हा फ्रान्सला आलो, असे समाधान व्यक्त केले होते!

फ्रान्समधून आक्षेप आला की आमचे तांबडे द्राक्षारस सावकाश पिकतात. ते अजून कोवळे होते, काही वर्षे थांबा. आक्षेप अगदीच निराधार नव्हता. म्हणून बरोबर तीस वर्षांनी, २४ मे २००६ रोजी, त्याच तांबड्या द्राक्षारसांची लंडन आणि कॅलिफोर्नियात एकाच वेळी पुन्हा चाखणी झाली. पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाला गेले. काळ आपल्या बाजूने साक्ष देईल, या भरवशावर जे होते त्यांच्या विरुद्ध काळाने साक्ष दिली.

जुन्या नावाचा मोह याहून घातकही ठरू शकतो. २००८ साली न्यूयॉर्कच्या एका लिलावात बर्गंडीच्या पोंसो घराण्याच्या, १९४५ ते १९७१ या सालांच्या काही बाटल्या मांडल्या गेल्या. घराण्याचे प्रमुख लोराँ पोंसो स्वतः तेथे पोहोचले. कारण त्या मळ्याचा द्राक्षारस त्यांचे घराणे १९८० च्या दशकाआधी बनवतच नव्हते. बाटल्या मागे घेण्यात आल्या. त्या विक्रीस आणणारा रूडी कुर्नियावान घरीच मिश्रणे करून जुन्या चिठ्ठ्या चिकटवीत असे, हे पुढे सिद्ध झाले आणि २०१४ साली त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या बाटल्यांसाठी लाखो डॉलर मोजणारे अडाणी नव्हते. त्यांनी चिठ्ठीवरचे साल प्यायले, एवढेच.

बोनचा नोव्हेंबर

या सगळ्याहून निराळी चाखणी बोन गावी दरवर्षी नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी होते. १४४३ साली बर्गंडीचा चान्सलर निकोला रोलँ आणि त्याची पत्नी गिगोन द सालँ यांनी युद्धाने व उपासमारीने गांजलेल्या गोरगरिबांसाठी तेथे रुग्णालय स्थापन केले. १ जानेवारी १४५२ रोजी पहिला रुग्ण दाखल झाला. १४५७ मध्ये रुग्णालयाला द्राक्षमळ्याचे पहिले दान मिळाले, आणि मग शतकानुशतके माणसे मृत्युपत्रात आपल्या मळ्याचा एखादा तुकडा आजाऱ्यांच्या नावे लिहून ठेवू लागली. जुन्या इमारतीत १९७१ पर्यंत रुग्णसेवा चालू होती. त्यानंतर रुग्णालय आधुनिक वास्तूत गेले.

१८५९ पासून या मळ्यांच्या द्राक्षारसाचा जाहीर लिलाव होतो. विकला जातो तो जुना द्राक्षारस नव्हे. सप्टेंबरच्या आसपास तोडलेल्या द्राक्षांचा, जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा, पिंपात अजून पुरता न निवळलेला रस असतो तो. एका पिंपात २२८ लिटर. खरेदीदार घोळक्याने पिंपांपाशी जातात, चाखतात, चर्चा करतात आणि हा पोरसवदा रस दहा-वीस वर्षांनी काय होईल, याचा अंदाज बांधून बोली लावतात. त्या पैशातून रुग्णालयाची यंत्रे येतात, इमारती उभ्या राहतात. ज्याने मळा दान केला त्याने आजचा आजारी पाहिला नाही. ज्याने आज बोली लावली, त्याला तो रस पिकलेला पाहायला मिळेलच असे नाही.

कपाटावरच्या त्या बाटलीकडे आता वळू या. जगातला बहुतांश द्राक्षारस, फ्रान्सचाही, दोन-चार वर्षांत पिऊन टाकण्यासाठीच केलेला असतो. ड्यूकने उपटायला लावलेल्या गामेपासून बोजोले प्रांतात केला जाणारा ताजा द्राक्षारस तर नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येतो आणि थोड्याच महिन्यांत संपवला जातो. फार थोड्या द्राक्षारसांना दीर्घायुष्य असते, आणि त्यांनाही बारा-तेरा अंशांचे थंड, काळोखे तळघर लागते. आपल्या किनाऱ्यावरच्या उन्हाळ्यात, कपाटावर उभ्या ठेवलेल्या बाटलीत पंधरा वर्षांनी लग्नाचा आनंद उरत नाही, शिर्का उरतो. ती बाटली या नाताळात, घरची सारी मंडळी जमलेली असताना, बेताने वाटून घ्यावी हे उत्तम.

राहिला जुन्या-नव्याचा वाद. काळ कुठल्याही द्राक्षारसात काही घालत नाही. पहिल्या दिवशी जे त्यात असते, तेवढेच तो सावकाश उलगडून दाखवतो. जुन्याची वाहवा करायला चिठ्ठी वाचता आली तरी पुरते. पण जीभ आवळणाऱ्या, अजून गढूळ असलेल्या रसातले सत्त्व ओळखायचे आणि त्याच्यासाठी तळघरात जागा राखून ठेवायची, याला पारख लागते, धीर लागतो आणि सोबतीला चार जाणती माणसे लागतात. वूजोच्या भिंतीआड तेच झाले आणि बोनच्या तळघरांत आजही तेच चालू आहे. आपल्या घरात आणि धर्मग्रामात जी तरुण मंडळी आज जरा तुरट बोलतात, त्यांच्याविषयी मत बनवताना बोनच्या त्या वृद्ध राखणदाराचे मिटलेले डोळे आपण सर्वांनी एकवार आठवावेत.